आपल्या कुत्र्याचं कोण उचलतं?

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, सकाळचे साडेसहा, रात्रभर कोसळून पाऊस नुकताच थांबलेला. आमच्या कुत्रीला, चिंगीला, फिरवून मी ठाण्यातल्या मानपाड्याच्या आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटने आत येत होते. भिंतीला लागून झाडूवाल्या मावशी उकिडव्या बसल्या होत्या. दोन्ही हातांत खोक्याचे फाडलेले पुठ्ठे, आणि त्या पुठ्ठ्यांनी त्या पेव्हर ब्लॉकच्या फटीतून कुत्र्याची शी खरवडून काढत होत्या. पावसाने ती सगळीकडे पसरली होती. नाकाला पदर धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून पदराचं टोक त्यांनी दातांत धरलं होतं.

मी घाईघाईने म्हणाले, "मावशी, ही आमच्या चिंगीची नाही हो." खरंच नव्हती, त्या दिवशी तरी. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "कुणाची का असंना ताई, काढणार मीच. लेकरांचं काढलं त्याचं कधी काही वाटलं नाही. पण हे काढलं की दहा वाजता डबा खाववत नाही."

तोवर मी चिंगीला झुडपांत बसवायचे आणि पुढे चालू पडायचे. मातीत मिसळून जाईल, खतच आहे, अशी माझी समजूत होती. ती साफ चुकीची आहे. कुत्र्याची शी म्हणजे शेण नव्हे. तिच्यात जंतांची अंडी असतात आणि गोलकृमींची अंडी ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात. मुलं त्याच मातीत खेळतात आणि तेच हात तोंडात घालतात. हुकवर्म नावाच्या जंताची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. मावशी अनवाणीच असतात पावसाळ्यात, चप्पल घसरते म्हणून.

त्या दिवसापासून मी घरातून जुन्या वर्तमानपत्राची दोन पानं घेऊनच निघते. चिंगी बसली की एक पान खाली सरकवायचं. नाही जमलं तर दुसऱ्याने उचलायचं. घरी येऊन शी संडासात टाकायची आणि कागद कचऱ्यात. दोन मिनिटांचं काम. ठाण्यात पाळीव कुत्रा असलेल्या प्रत्येक घरात रद्दी असते, हे मी खात्रीने सांगू शकते.

ही पोस्ट लिहायचं कारण असं, की गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुन्हा एकदा "कुत्रेवाले" आणि "बाकीचे" असे दोन गट पडले. कुणीतरी म्हणालं, पाळीव कुत्री बंदच करा, निदान लिफ्टमधून तरी. आमच्यातले काही जण लगेच मोबाइल काढून भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं वाचायला लागले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सोसायटीला ठराव करून कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. २०१५ च्या त्या तत्त्वांत हे स्पष्ट लिहिलंय. पण त्याच कागदात कुत्र्याची घाण मालकांनी उचलावी, असंही म्हटलंय. ते वाक्य त्या दिवशी कुणीच वाचलं नाही. मी उठून वाचलं, तेव्हा माझ्याच गटातली दोन माणसं माझ्यावर नाराज झाली.

मला मनापासून वाटतं, की सोसायटीत कुत्र्यांचा राग करणारी माणसं आपणच तयार करतो. आमच्या विंगमधल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. कुणाचा तरी लॅब्रॅडॉर प्रेमाने अंगावर झेपावतो आणि मालक वीस फुटांवरून ओरडतो, "काही करत नाही हो तो!" तो चावत नाही हे खरं, पण काका पडले तर? आणि काकांना भीती वाटली त्याचं काय? आपला कुत्रा किती गुणाचा आहे हे आपल्याला ठाऊक असतं, समोरच्याला नसतं. त्यामुळे पट्टा हातात हवा, आणि लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर विचारायचं, "येऊ का?" नको म्हणाले तर पुढची लिफ्ट. चौथ्या मजल्यावरची एक चिमुरडी चिंगीला बघून आईच्या मागे लपायची. आम्ही दोन वर्षं तिच्यासाठी लिफ्ट सोडली. आता ती स्वतःच दार धरून उभी राहते.

प्रश्न एकच असतो. कुत्रा माझा, मग त्याचा भार कुणावर पडतोय? मावशींवर, काकांवर, रस्त्यावरच्या कुत्र्यांवर, की कुठल्या तरी संस्थेच्या आधीच भरलेल्या पिंजऱ्यांवर?

लसीचंच घ्या. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांची लस सुरू होते, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, आणि मग दरवर्षी. "आमचा घराबाहेर जातच नाही" म्हणून रेबीजची लस चुकवणारे सुशिक्षित लोक मला माहीत आहेत. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस काय आणि कुत्रा काय, वाचणं जवळपास अशक्यच. कुत्रा चावला किंवा त्याचा दात नुसता ओरखडला, मग तो घरचा का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, फार वेळ वाटतो. हळद, चुना, तिखट काही लावू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत लस मोफत मिळते. कोर्स अर्ध्यात सोडू नका.

डिस्टेंपरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण येऊर आपल्या दाराशी आहे. रविवारी सकाळी येऊरला कुत्रा मोकळा सोडून "जरा पळू दे बिचाऱ्याला" म्हणणारे बरेच आहेत. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे बिबटे आहेत आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. पण धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्यांतून रानटी मांसभक्षी प्राण्यांत जातो. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतल्या काहींत हा विषाणू सापडला होता. आपण लस न दिलेला कुत्रा जंगलाच्या कडेला मोकळा सोडतो तेव्हा काय करतो, याचा विचार करा. माझी बहीण नेरुळला राहते. तिथे तलावावर फ्लेमिंगो उतरतात, तेव्हा काठाने कुत्र्यांना मोकळं पळवणाऱ्यांना तीही समजावत असते. पक्षी शेकडो मैल उडून खायला आलेले असतात, त्यांना दर पाच मिनिटांनी उठवायचं नाही.

आता गोचीड. ह्यावर माझा स्वतःचा अनुभव आहे आणि तो मी विसरू शकत नाही. तीन वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, चिंगीने दोन दिवस जेवण टाकलं. मला वाटलं, उकाडा आहे. तिसऱ्या रात्री साडेअकराला तिच्या नाकातून रक्त यायला लागलं. ओठ उचलून बघितला तर हिरड्या पांढऱ्या फटक. कानाची पाळी उलटली आणि आतल्या घडीत, एरंडीच्या बीसारख्या करड्या, टम्म फुगलेल्या तीन गोचिडी. रोज हात फिरवायचे मी तिच्या अंगावरून, पण कानाच्या आत कधी बघितलं नव्हतं. आमचा नेहमीचा दवाखाना रात्री नऊला बंद. दुसऱ्या एका ठिकाणी फोन लावला, तर "सकाळी या". ती रात्र मी तिच्या नाकाला गार फडकं धरून काढली. पहाटे टॅक्सी केली आणि परळला, जुने लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात तिथे गेलो. १८८३ सालचं हे हॉस्पिटल, त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून. आमच्या पुढे रांगेत एक बकरी होती, मागे पोपट घेऊन आलेले आजोबा. रक्त तपासलं, प्लेटलेट्स २० हजारांच्या आसपास, म्हणजे फारच कमी. गोचीडताप. चार आठवडे गोळ्या, दर आठवड्याला रक्ततपासणी. चिंगी वाचली.

म्हणून सांगते, पावसाळ्यात रोज रात्री पाच मिनिटं द्या. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. जाळू नका, रॉकेल लावू नका. महिन्याचं गोचीडनाशक औषध डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे द्या. आणि कुत्र्याला ताप आला म्हणून घरातली आयबुप्रोफेनची गोळी देऊ नका. आपल्याला चालणारी ती गोळी त्याच्या पोटाचा आणि मूत्रपिंडाचा घात करते. तुंबलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो नावाचा आजार पसरतो, तो कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याकडून आपल्यालाही येऊ शकतो. त्याची लस असते, डॉक्टरांकडे आठवणीने मागा.

कुत्र्याचं लायसन्स ठाण्यात महापालिकेकडून घ्यावं लागतं, नवी मुंबईतही. रेबीजच्या लसीचा दाखला जोडायचा, फी भरायची. घ्या आणि मोकळे व्हा.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते पुढच्या गोष्टीवर. गेल्या वर्षी आमच्या समोरच्या इमारतीतलं एक कुटुंब भाड्याचं घर बदलून गेलं. नव्या मालकाला कुत्रा चालणार नव्हता. त्यांचा चार वर्षांचा कॉकर स्पॅनियल त्यांनी उपवन तळ्याजवळ सोडला. गळपट्टा काढून घेतला होता, पण मानेवर त्याचा वळ तसाच होता, केस नसलेला गोल. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर कसं जगायचं ते येत नाही. हद्द कुणाची, अन्न कुठे, गाडी आली की कुठे पळायचं, काहीच माहीत नसतं. तिथल्या कुत्र्यांनी त्याला दोन दिवसांत फाडलं. तळ्यावर फिरायला येणाऱ्या एका मुलाने उचलून आणला म्हणून वाचला. एकोणीस दिवस तो आमच्याकडे होता. दाराची बेल वाजली की धावत जायचा आणि येणारं माणूस बघून परत कोपऱ्यात येऊन बसायचा. आता कळव्याच्या एका घरात सुखात आहे.

पाळलेला प्राणी असा सोडून देणं गुन्हा आहे. पण प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला लिहिलेला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत मानपाड्याहून स्टेशनला रिक्षासुद्धा मिळत नाही. ह्या कायद्यात बदल व्हायलाच हवा. तो होईपर्यंत निदान आपण एकमेकांना विचारायला हवं, "तुमचा कुत्रा दिसत नाही, कुठे आहे?" हा प्रश्न मी त्या कुटुंबाला विचारला नाही, ह्याची मला आजही टोचणी आहे.

घोडबंदर रोडला ब्रह्मांडकडे ठाणे एसपीसीए ही प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था आहे. तुर्भ्याला नवी मुंबई महापालिकेचं श्वान निर्बीजीकरण केंद्र आहे. ही ठिकाणं जखमी, आजारी आणि भटक्या जनावरांसाठी धडपडतात. आपल्याला नको झालेली कुत्री आणून टाकायची ती जागा नव्हे. खरंच ठेवणं अशक्य झालं तर दोन-तीन महिने आधीपासून नवं घर शोधा, स्वतः जाऊन ते घर बघा, लसींची फाइल सोबत द्या. आणि नसबंदी करून घ्या. जंताचं औषध, लसीकरण, नसबंदी ही पाळीव प्राण्याच्या मालकाची जबाबदारी आहे, असं प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांत सरळ लिहिलंय. "एकदा तरी पिल्लं होऊ दे" म्हणणाऱ्यांनी सहा पिल्लांची सहा घरं आधी दाखवावीत.

ज्यांच्या घरी अजून कुत्रा आलेला नाही, त्यांना एक विनंती. हस्की आणू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून तोंडातल्या ओलाव्याने अंग थंड करतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो ओलावा लवकर उडतच नाही. सैबेरियाच्या बर्फासाठी दुहेरी केस घेऊन जन्मलेल्या जिवाला मे महिन्यात कासारवडवलीच्या बाराव्या मजल्यावर कोंडायचं कशासाठी? चिंगी मला कोलशेतला एका बंद रिक्षाखाली मिळाली होती, तळहाताएवढी. गावठी. नऊ वर्षं झाली, हवेचा त्रास तिला एकदाही झालेला नाही.

त्या ऑगस्टच्या रात्रीनंतर मी एक कागद तयार केला आणि आमच्या वॉचमनच्या केबिनमध्ये लावला. रात्री फोन उचलणारे प्राण्यांचे डॉक्टर, कुत्र्याला बसू देणारे दोन रिक्षावाले, परळला आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेल्या टाटा ट्रस्ट्सच्या प्राण्यांच्या हॉस्पिटलला जायचा रस्ता, आणि ज्यांच्या कुत्र्याचं रक्त लागलं तर देता येईल अशी आमच्याच सोसायटीतली तीन घरं. कागद अजून अर्धा रिकामा आहे. रात्री अकरानंतर खरोखर उघडा असलेला दवाखाना तुम्हाला ठाऊक असेल, ऐरोली, कळवा, वाशी, खारघर कुठलाही, तर लिहा. स्वतः गेला असाल तरच लिहा. मी प्रत्येक ठिकाणी फोन करून बघेन आणि मगच तो त्या कागदावर चढवेन.