दमल्यावर थांबणं उशिराचं
संधिवात असताना काम कसं करावं, यावरच्या एका लेखात ‘दमलात की विश्रांती घ्या’ म्हटलंय. रुमेटॉइड संधिवातात (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते) तोवर उशीर झालेला असतो. घड्याळ बघून थांबा: 25-30 मिनिटं टायपिंग, मग 3-4 मिनिटं उठून बोटं, मनगटं सैल करायची. नुसतं खुर्चीत टेकून राहिलं तर सांधे पुन्हा आखडतात. सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल तर बारीक हातकाम 11 नंतर ठेवा. खरी फसगत होते ती बऱ्या दिवशी! तुंबलेलं सगळं एकदम उपसायला जातो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. मेथोट्रेक्झेट (या संधिवातावरचं औषध) घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळ, मरगळ येत असेल तर डॉक्टरांना विचारून सुट्टीच्या आदल्या रात्रीचा वार ठरवून घ्या. आणि हो, हे औषध आठवड्यातून एकदाच, चुकूनही रोज नाही.