57 किलोज्यूलचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, आणि मुद्देसूदही. म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहितो.

मी लिहिलं होतं की तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांची कुठलीही जोडी घ्या, विरल द्रावणात त्यांच्या उदासिनीकरणातून एक मोल (सुमारे 18 ग्रॅम) पाणी तयार होताना साधारण 57 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. त्यावर तुमचं म्हणणं असं: सल्फ्युरिक आम्लाला जास्त उष्णता मिळते, हायड्रोफ्लोरिक सौम्य असूनही 68 च्या आसपास जातं, असेटिक सौम्य असूनही जवळपास तीव्र आम्लांइतकीच देतं, शिवाय काही पुस्तकांत 57.3 तर काहींत 55.8, तेव्हा हा नियम परीक्षेपुरताच.

तुमचे आकडे बरोबर आहेत. निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही.

57 हा आकडा मुळात आम्लाचा नाहीच. तो हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन एकत्र येऊन पाणी होण्याचा आहे. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्ल विरल द्रावणात आधीच पूर्ण विचरण झालेली, म्हणजे आयनांत सुटी झालेली असतात. क्लोराइड, नायट्रेट, सोडिअम हे आयन आधी जसे होते तसेच शेवटी राहतात. म्हणून जोडी बदलली तरी आकडा बदलत नाही. जिथे आणखी काही घडतं, तिथे त्याची उष्णता वेगळी मांडावी लागते.

सल्फ्युरिकचंच बघा. त्याचा पहिला हायड्रोजन सहज सुटतो, पण दुसरा बऱ्याच अंशी सल्फेटला चिकटून, बायसल्फेट आयनाच्या रूपात राहतो. आम्लारी घातली की तोही सुटतो, आणि हे सुटणं उष्मादायी आहे, मोलमागे सुमारे 20 किलोज्यूल. ही रक्कम दोन मोल पाण्यावर वाटली गेली की प्रत्येकी 65 च्या आसपास आकडा येतो. संहत आम्ल वापरलं असेल तर गोष्टच वेगळी. एक मोल शुद्ध सल्फ्युरिक भरपूर पाण्यात गेलं की आम्लारीचा थेंबही न पडता 70 किलोज्यूलहून जास्त उष्णता निघते. ती विरलीकरणाची, उदासिनीकरणाच्या नावावर टाकू नये. रसायनशास्त्रज्ञ हेसने 1840 मध्ये हाच हिशेब मांडला होता. वेगवेगळ्या प्रमाणात विरल केलेलं सल्फ्युरिक आम्ल त्याने अमोनियाने उदासीन केलं. विरल करतानाची आणि उदासीन होतानाची उष्णता यांची बेरीज दर वेळी सारखीच आली. त्याच्या नावाचा नियम (वाट कुठलीही असो, एकूण उष्णता सारखीच) उभा राहिला तो अशा मोजमापांवर.

आता सौम्य आम्लं, म्हणजे पाण्यात ज्यांचं थोडंच विचरण होतं अशी. ‘विचरण करायला उष्णता खर्ची पडते म्हणून कमी मिळते’ हे स्पष्टीकरण तुम्हाला ठिगळ वाटतं. हायड्रोसायनिकला ते चपखल बसतं: तिथे 43 च्या आसपास किलोज्यूल विचरणातच जातात आणि हाती जेमतेम 12 उरतात. पण असेटिकच्या विचरणाची उष्णता जवळजवळ शून्य आहे, आणि हायड्रोफ्लोरिकच्या विचरणात तर उष्णता बाहेर पडते. मग ही आम्लं सौम्य का? कारण सौम्यपणा उष्णतेवर ठरत नाही, मुक्त ऊर्जेवर ठरतो, म्हणजे उष्णता आणि एंट्रॉपी (विस्कळीतपणाचं माप) या दोन्हींच्या एकत्र हिशेबावर. आयन मोकळे झाले की भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना आपल्याभोवती बांधून ठेवतात, एंट्रॉपी घटते, आणि विचरण अडतं. असेटिकच्या बाबतीत जवळपास सगळा अडसर एंट्रॉपीचाच. ‘सौम्य म्हणजे कमी उष्णता’ असं समीकरण कुणी शिकवत असेल, तर त्यावर तुम्ही जरूर तुटून पडा. मी सोबत आहे.

57.3 आणि 55.8 हे दोन्ही खरे आहेत. ही उष्णता तापमानागणिक बदलते, अंशामागे सुमारे 0.2 किलोज्यूलने घटते. 25 अंशांना, अतिविरल द्रावणासाठी 55.8, जुनी मोजमापं 18 अंशांच्या आसपासची, म्हणून 57.3.

शेवटचा मुद्दा तुम्ही जाता जाता टाकलाय, पण मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: ‘एवढ्याशा उष्णतेसाठी त्वचेवरच्या आम्लावर आम्लारी का घालायची नाही?’ एक मोलर (लिटरमागे एक मोल) हायड्रोक्लोरिक आणि एक मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड समान आकारमानात मिसळलं तर तापमान जेमतेम 7 अंश चढतं, हे खरं. पण तीच द्रावणं सहा मोलर घ्या, वाढ 40 अंशांच्या घरात जाते. सांडलेलं आम्ल किती संहत आणि नेमकं किती, हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नसतं. आम्लारी जास्त पडली तर ती त्वचेला वेगळीच इजा करते. वाहतं भरपूर पाणी मात्र आम्ल विरल करतं, धुऊन नेतं आणि उष्णताही सोबत घेऊन जातं. तेव्हा आधी पाणी, तेही बराच वेळ, आणि मग डॉक्टर.