‘तिकडे खातं उघडायची गरजच नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. गेल्या महिन्यात तो माझ्याकडे चार वेळा आला. शेवटचा आला तो ज्या मुलीचं विमान पुढच्याच आठवड्यात होतं, तिच्या आईकडून. मजकूर थोडक्यात असा: तिथल्या बँकेत खातं उघडू नका, नुसती कटकट आहे. घरचं कार्ड सगळीकडे चालतं. अगदीच लागलं तर मोबाईल ॲपवाल्यांचं खातं घ्या, तीही बँकच असते. फी शून्य ते खातं सगळ्यात स्वस्त. नवख्या माणसाला बँका तसंही खातं देत नाहीत. परतताना खातं तसंच सोडा, आपोआप बंद होतं. कोणी विकत मागितलं तर देऊन टाका, चार पैसे सुटतील.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण यातलं शेवटचं वाक्य एखाद्या मुलाला गुन्हेगार ठरवू शकतं आणि बाकीची त्याचे पैसे घालवू शकतात, म्हणून गप्प बसवत नाही.

‘घरचं कार्ड सगळीकडे चालतं.’

दुकानात चालतं, हे खरं. पण विद्यार्थ्याचे मोठे खर्च दुकानात होत नाहीत. भाडं, वीज, फोन, विमा हे दरमहा ठरलेल्या तारखेला खात्यातून परस्पर वळते होतात आणि त्यासाठी समोरचा स्थानिक खात्याचाच नंबर मागतो. पैसे येण्याची बाजू तर या मेसेजमध्ये नाहीच. अर्धवेळ कामाचा पगार, शिष्यवृत्ती, घरमालकाकडून परत मिळणारं डिपॉझिट, कराचा परतावा, हे कार्डावर जमा होत नाही. जर्मनीत व्हिसासाठी बहुतेक विद्यार्थी वर्षाच्या खर्चाची रक्कम अडकवून ठेवलेल्या खात्यात भरतात. त्यातून दरमहा थोडी थोडी रक्कम सुटते, आणि ती जमा व्हायला युरोचं चालू खातं लागतंच.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. पहिल्या महिन्याचं भाडं भरायचा शेवटचा दिवस, रात्रीचे अकरा. भाड्याच्या पोर्टलवर घरच्या कार्डाचा नंबर टाकला. पुढच्या पानावर सहा रिकामे चौकोन आले आणि खाली तीन मिनिटांचं घड्याळ उलटं धावायला लागलं. ओटीपी गेला होता घरच्या सिमवर आणि ते सिम होतं घरच्या कपाटात, खणात. आईला झोपेतून उठवलं. तिने सिम शोधून फोनमध्ये घालेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदा मेसेजच उशिरा पोचला. तिसऱ्यांदा घाईत एक आकडा चुकला आणि कार्ड ब्लॉक झालं. भाडं चार दिवस उशिरा गेलं, वर दंड. सिम सोबत नेऊन त्यावर रोमिंग चालू ठेवलं असतं तर ती रात्र टळली असती, पण दर महिन्याचं भाडं असं भरणं तरीही शहाणपणाचं नव्हतं.

आणखी एक गोष्ट. परदेशी कार्ड लावलं की मशीन कधी कधी विचारतं: रक्कम तुमच्या चलनात घेऊ की इथल्या? आपलं चलन ओळखीचं, म्हणून बोट तिकडेच जातं. तिथेच फसायला होतं, कारण मग विनिमयाचा दर आपली बँक ठरवत नाही, दुकानदाराची किंवा एटीएमवाली कंपनी ठरवते आणि तो बहुतेक वेळा महाग असतो. या प्रकारात लोक इतके नाडले गेले की युरोपीय संघाने २०१९ साली नियम करून हा जादा आकार टक्क्यांत आधीच दाखवायला लावला. नेहमी तिथलं चलन निवडा.

घरचं कार्ड टाकून द्या असं मी म्हणत नाही. पाकीट हरवलं तर तेच उपयोगी पडतं. फक्त ते पाकिटात नको, खोलीवर ठेवा.

‘ॲपवाल्यांचं खातं म्हणजे बँकच.’

काही ॲपकडे बँकेचा परवाना असतो, काहींकडे फक्त ई-मनीचा, म्हणजे लोकांचे पैसे डिजिटल रूपात ठेवून पुढे पाठवण्यापुरता. दिसायला दोन्ही सारखी. कार्ड तसंच, शिल्लक दाखवणारा पडदा तसाच. फरक कंपनी बुडाल्यावर कळतो. बँक बुडाली तर ठेव-विमा असतो: युरोपीय संघात प्रत्येक बँकेमागे १ लाख युरोपर्यंत, अमेरिकेत २.५ लाख डॉलरपर्यंत. ई-मनी कंपनीला ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवावे लागतात, पण तिला स्वतःला तो ठेव-विमा लागू नसतो.

यात काय होऊ शकतं ते अमेरिकेत २०२४ मध्ये दिसलं. सिनॅप्स नावाची कंपनी अनेक ॲप आणि त्यांच्यामागच्या बँका यांच्यामधला हिशेब सांभाळायची. एप्रिलमध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मे महिन्यात एक लाखाहून जास्त लोकांना स्वतःचेच पैसे काढता येईनात. हिशेब जुळवायला गेले तर साडेसहा ते साडेनऊ कोटी डॉलरच्या आसपास तूट निघाली. ॲपवर ‘विमा आहे’ असं वाचून लोक निर्धास्त होते. पण तो विमा बँक बुडाली तर मिळतो आणि इथे बँका शाबूत होत्या. बुडाला होता मधला दुवा, म्हणून विम्यातून काहीच मिळालं नाही.

म्हणून पैसे ठेवण्याआधी ॲपच्या वेबसाइटवर अगदी तळाशी असलेला बारीक मजकूर वाचा. परवाना कोणत्या देशाचा, कसला, कोणत्या नावाने, ते पाहा आणि ते नाव त्या देशाच्या नियामकाच्या यादीत स्वतः शोधा. दहा मिनिटांचं काम आहे. घरून पैसे मागवायला ही ॲप खरोखर चांगली आहेत, मीही वापरते. सहा महिन्यांची फी मात्र त्यात पडून ठेवू नका.

‘फी शून्य, म्हणजे सगळ्यात स्वस्त.’

मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची, कारण हिशेब सोपा आहे आणि तरी कोणी करत नाही. समजा, १०,००० युरो पाठवायचे आहेत. एक जण म्हणतो, फी शून्य, पण बाजारातल्या दरापेक्षा अडीच टक्के महाग दर लावतो. म्हणजे २५० युरो गेले. दुसरा ३० युरो फी घेतो आणि दर बाजारातलाच देतो. स्वस्त कोण? प्रश्न एकच विचारायचा: माझ्याकडून इतके गेले तर पलीकडे नेमके किती पोचतील?

स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पाठवताना वाटेतली बँकही आपला वाटा कापते. फॉर्मवर खर्च कोणाचा ते लिहायचं असतं: ‘ओयूआर’ म्हणजे सगळा पाठवणाऱ्याचा, ‘एसएचए’ म्हणजे वाटून, ‘बेन’ म्हणजे घेणाऱ्याचा. विद्यापीठाची फी भरताना शेवटच्या दोन्हींत रक्कम थोडी कमी पोचू शकते आणि मग विद्यापीठाच्या लेखी फी पूर्ण भरलेलीच नसते. तिथे ‘ओयूआर’च लिहा.

विद्यार्थी खात्याची सवलत कधी संपते, तेही उघडतानाच विचारा. कुठे ठरावीक वय झालं की, कुठे अभ्यासक्रम संपला की दरमहा आकार सुरू होतो.

‘नवख्यांना खातं देत नाहीत.’

युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला साध्या खात्याचा हक्क आहे. २०१४ च्या निर्देशानुसार पूर्ण अर्ज मिळाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेला निर्णय द्यावा लागतो. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) नसलेल्या परदेशी माणसाचं खातं पासपोर्ट नंबरवर उघडायला नियमांची आडकाठी नाही, तरी एखाद्या शाखेतला माणूस ‘नाही’ म्हणेल. मग विद्यापीठाजवळच्या शाखेत जा, तिथे रोज असेच विद्यार्थी येतात. ब्रिटनमध्ये विद्यापीठ बँकेच्या नावाने पत्र देतं, ते आधी मागून ठेवा.

‘परतताना सोडून द्या, नाहीतर विकून टाका.’

सोडलेलं खातं आपोआप मिटत नाही. मासिक आकार लागत राहिला तर शिल्लक उणे होते आणि ते कर्ज तुमच्या नावावर चढतं.

खातं विकणं मात्र फार भयंकर आहे. घेणारा त्यातून फसवणुकीचे पैसे फिरवतो आणि प्रत्येक व्यवहारावर नाव तुमचं असतं. याला मनी म्यूल म्हणतात. मायदेशी परतणारे विद्यार्थी अशा टोळ्यांना हवेच असतात, कारण खातं चालू असतं आणि मालक दूर गेलेला असतो. ब्रिटनमध्ये मनी लाँडरिंगला १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खटला झाला नाही तरी तिथल्या फसवणूक-नोंदीत नाव गेलं की सहा वर्षं राहू शकतं, आणि तेवढा काळ नवं खातं किंवा कर्ज मिळणं मुश्कील होतं. ‘फक्त एक रक्कम येईल, ती पुढे पाठव, थोडे तू ठेव’ असं सांगणारा ओळखीतला असला तरी उत्तर नाहीच.

निघताना डिपॉझिट, शेवटचा पगार आणि कराचा परतावा येईपर्यंत खातं चालू ठेवा. बँकेला नवा पत्ता आणि नवा फोन नंबर कळवा, नाहीतर परत ओटीपीचंच रडगाणं. सगळं जमा झालं की शिल्लक घरी पाठवा, खातं लेखी अर्ज करून बंद करा आणि बंद झाल्याचं पत्र मागून पदवीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा.