सर्व विषयांचे एकच नियतकालिक
पदार्थविज्ञानापासून ग्रामीण समाजशास्त्रापर्यंत कोणत्याही विषयावरचा शोधनिबंध आम्ही तीन दिवसांत छापतो, असा निरोप या महिन्यात मला पाचव्यांदा आला आहे. मृदाशास्त्र आणि संतसाहित्य या दोहोंचे परीक्षण तीन दिवसांत उरकणाऱ्या विद्वानाचा विद्यापीठाच्या दारात, गणेशखिंडीत, पुतळाच उभारायला हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.च्या प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती २०२२ मध्ये काढली. विश्वासार्ह नियतकालिकांची ‘केअर’ यादी, जिचे काम आमच्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालत असे, तीही २०२५ मध्ये बंद झाली. हे दुकान मात्र चालूच आहे, कारण प्राध्यापकांच्या बढतीच्या अर्जात निबंध मोजले जातात, वाचले जात नाहीत. शुल्क अर्थातच परीक्षणाआधी भरायचे. क्यूआर कोड निरोपासोबतच जोडलेला असतो.