फॉर्म सी आणि कै. तात्या

ज्या घरात मी जन्मलो, रांगलो, बोहल्यावर चढलो आणि आता गुडघ्यांना तेल चोळत बसतो, त्या घराशी माझा कागदोपत्री काहीएक संबंध नाही, हे मला कळायला इथिओपियाहून एक पोरगा सांगलीला यावा लागला.

गोष्ट २०२३ च्या श्रावणातली. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, त्यामुळं घरात उपासाचा हंगाम लांबलेला आणि माझी तब्येत साबुदाण्यानं टेकीला आलेली. भाचा एका कॉलेजच्या ऑफिसात चिकटलाय. त्याचा फोन आला, "मामा, वरची खोली रिकामीच आहे की. एक परदेशी विद्यार्थी आहे, इंजिनिअरिंगला. हॉस्टेलचं काम अजून अर्धवट आहे. पोरगं गरीब आहे हो." सांगलीत 'गरीब' म्हणजे पैशानं नव्हे, स्वभावानं. मी हो म्हटलं. भाड्याचा मोह नव्हता असं म्हणणार नाही, पण खरं सांगायचं तर गल्लीत आपल्याकडं परदेशी पाहुणा आहे, याची गुदगुली जास्त होती.

पोरगा पहाटे महालक्ष्मीनं उतरला. दोन बॅगा आणि छातीशी धरलेलं एक प्लॅस्टिकचं फोल्डर. ही आरतीचं तबक घेऊन दारात उभी. भाच्यानं मात्र रिक्षावाल्याचे पैसे द्यायच्या आधी मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "मामा, चोवीस तासांच्या आत फॉर्म सी भरायचा बरं का."

फॉर्म सी म्हणजे त्या वेळी असं : तुमच्या छपराखाली परदेशी नागरिक मुक्कामाला आला की त्याची खबर तुम्ही, म्हणजे घरमालकानं, चोवीस तासांत सरकारला द्यायची. लॉज असो, हॉस्टेल असो की आमच्यासारख्यांची वरची खोली. आणि विद्यार्थ्याचा व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर त्यानं स्वतः भारतात आल्यापासून चौदा दिवसांत वेगळी नोंदणी करायची. जिल्ह्यात ते काम एस. पी. साहेबांच्या अखत्यारीत येतं. आता त्या नोंदणीला राहण्याचा पुरावा लागतो. तो कुणाचा? घरमालकाचा.

मी निवृत्त हेडक्लार्क. उभी हयात लोकांचे अर्ज 'त्रुटीची पूर्तता करावी' असा शेरा मारून परत पाठवण्यात गेली. मला कसली भीती? चष्मा पुसला, पोर्टल उघडलं. खातं काढायला घरमालकाचं नाव आणि पत्त्याचा पुरावा मागत होते. हिला म्हटलं, लाइटबिल आण.

बिलावर नाव तात्यांचं.

तात्या म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण बिल त्यांच्याच नावानं येतं आणि मुदतीच्या आत भरलंही जातं. इतका चोख ग्राहक कुठलं खातं आपणहून सोडेल? मग घरपट्टी पाहिली. कै. तात्या. पाणीपट्टी पाहिली. कै. तात्या, तेही 'कै.' न लावता. शेवटी कपाटाच्या तळातून सिटी सर्व्हेचा उतारा काढला, तर त्यावर तात्या आणि त्यांच्या जोडीला धाकटे काका. तेही नाहीत. म्हणजे आमच्या घराचे दोन्ही मालक कैलासवासी आणि खाली राहतोय तो कोण, तर मी. वारसनोंद व्हायची राहिली होती, कारण मिरजेचा चुलतभाऊ सही करत नव्हता. का करत नव्हता, ते त्यालाही नीट आठवत नसावं. तात्यांच्या तेराव्याला जिलेबीवरून काहीतरी झालं होतं.

तिकडं पोरानं आपलं फोल्डर उघडलं. पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं बोनाफाइड, फोटो, सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स, कोपऱ्यात रंगीत चिठ्ठ्या. हेडक्लार्क म्हणून मला ते फोल्डर बघून भरून आलं.

त्याचा एकच रकाना अडला, आडनावाचा. त्यांच्याकडं आडनाव नसतंच. आपलं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं, खलास. फॉर्मपुरता तो प्रश्न पासपोर्टमध्ये छापलंय ते उतरवून सुटला, गल्लीत काही सुटेना. आमच्याकडं नव्या माणसाला थेट काही विचारत नाहीत. 'मूळ गाव कुठलं' असं लांबून सुरू करायचं, मग आडनावावर यायचं आणि आडनावावरून जिथं पोचायचं तिथं गुपचूप पोचायचं. शेजारच्या अण्णांनी गाव विचारलं, तर आदिस अबाबा. आडनाव विचारलं, तर नाही. अण्णांची साठ वर्षांची साधना तिथंच संपली. संध्याकाळी कट्ट्यावर मला हळूच म्हणाले, "पण तसं चांगल्या घरातलं वाटतंय."

पोर्टलवर दुसरा मजेशीर रकाना होता, इथून पुढं कुठं जाणार? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "कॉलेजला." मला ते उत्तर इतकं पटलं की तसंच लिहिणार होतो. भाच्यानं की-बोर्ड ओढून घेतला.

शेवटी भाचा, नोटरी आणि शंभराचा स्टॅम्पपेपर अशा तिघांच्या आधारानं मी या घरात राहतो असं प्रतिज्ञेवर लिहून दिलं, फॉर्म सी कसाबसा मुदतीत गेला आणि पोराला घेऊन एस. पी. ऑफिसला गेलो. तिथल्या बाईंनी फोल्डर चाळलं, प्रत्येक कागदाला मान डोलावली. मग माझे कागद घेतले. आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "काका, पोराचं सगळं ओके आहे. तुमचं काय?"

माझ्या पत्त्याच्या पुराव्याला दुसऱ्या हिस्सेदाराची 'हरकत नाही' एवढी एक चिठ्ठी जोडा म्हणाल्या. म्हणजे मिरज.

घरी मात्र वेगळंच महाभारत चालू होतं. बुधवारी हिनं पोराला चहा दिला, तर नको म्हणाला, उपास आहे. ही हरखली. इतक्या लांबून आलेलं पोर आणि उपास करतं! लगेच साबुदाण्याची खिचडी टाकली, वर साजूक तूप, सोबत दही. पोरानं तूप आणि दही बघून हात जोडले. त्यांच्या जुन्या ख्रिस्ती पंथात बुधवार आणि शुक्रवार उपासाचे. मांस नाही, अंडं नाही आणि दूध-दही-तूप तर नाहीच नाही. डाळ चालते. भात चालतो. कांदा-लसूण बिनधास्त.

"म्हणजे उपासाला आमटी-भात चालतो आणि चहा चालत नाही?" हिला ते काही केल्या पचेना. ईस्टरच्या आधी तर असा उपास सलग ५५ दिवस असतो म्हटल्यावर हिच्या नजरेत आदर आला, पण सोबतच शंकाही आली, की पोटभर आमटी-भात खाऊन ५५ दिवस कुणीही काढील. मी म्हटलं, आपल्या खिचडीतलं तूप दाखवून त्यांच्या देशात जाऊन हेच बोल.

शुक्रवारी वरून वास आला. ही बघायला गेली ती जिन्यावरूनच ओरडली, "अहो, तेल न घालता कांदा परततोय!" खरंच परतत होता. कोरड्या पातेल्यात, बारीक आचेवर, घाई नाही, कांद्याला पाणी सुटून ते आटून तो तांबूस होईपर्यंत. मग तेल. मग गावाकडनं आणलेली लालभडक बर्बरे, म्हणजे त्यांचं कांदा-लसूण चटणीचं भावंडच. मग पाणी, आणि उकळी आल्यावर वरून हरभऱ्याचं पीठ भुरभुरत घोटत राहिला. हिनं पातेल्यात वाकून पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. "हे पिठलं आहे."

ते पिठलंच होतं. नाव तिकडं वेगळं, एवढंच. त्याच्याबरोबर टेफ नावाच्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा, म्हणजे त्यांची आंबोळीच, लागते, तो टेफ सांगलीत कुठून आणायचा? हिनं आंबोळ्यांचं पीठ एक दिवस जास्त ठेवून चांगलं आंबट केलं. पोरगा पहिला घास घेऊन काही बोललाच नाही, दुसरी आंबोळी घेतली.

नेमका त्याच संध्याकाळी मिरजेचा चुलतभाऊ आला. सहीसाठी मी फोन केला होता, तेव्हा 'बघू' म्हणाला होता. आला तो केवळ परदेशी पोरगा बघायला. पंगतीला बसला. पिठल्याला हात लावला, कपाळाला घाम आला, नाक पुसलं, पुन्हा वाढून घेतलं. पोराला विचारलं, सण कुठले रे तुमचे? पोरगा म्हणाला, १२ सप्टेंबरला आमचं नवं वर्ष, २०१६ लागतंय. चुलतभाऊ म्हणाला, "म्हणजे सात-आठ वर्षं मागं की रे तुम्ही." भिंतीवर कॅलेंडर होतं, शके १९४५. मी काही बोललो नाही.

जाताना चपला घालता घालता त्यानं कागद मागितला. जिन्याच्या कठड्यावर ठेवून सही केली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "पोरासाठी करतोय. तुज्यासाठी न्हाई."

पोराची नोंदणी चौदा दिवसांच्या आत झाली. गणपतीत तो आमच्या आरतीला झांज घेऊन उभा होता, ताल सोडून, पण आमच्या अण्णांपेक्षा बरा. मला मात्र गावभागापासून विश्रामबागेपर्यंत 'फॉर्म सी वाले काका' म्हणून नाव पडलंय. कुणाच्या घरी परदेशी भाडेकरू आला की फोन मला.

परवा रात्री असाच एका बाईंचा आला. "काका, आमच्या वर पण आलाय हो परदेशी विद्यार्थी. काय काय कागद लागतील? आमचं लाइटबिल सासऱ्यांच्या नावावर आहे आणि दीर सही करत नाहीत."

"कुठल्या देशाचा?"

"नेपाळचा."

मी म्हटलं, "वहिनी, नेपाळच्या माणसाला भारतात यायला व्हिसाच लागत नाही. म्हणजे व्हिसावाली नोंदणी नाही आणि तिच्यासाठी दिरांची सहीही नाही. मुक्कामाच्या खबरेचं तेवढं ऑफिसात विचारून घ्या."

बाई थोडा वेळ गप्प झाल्या. मग हिरमुसल्या आवाजात म्हणाल्या, "अरे देवा. मग आता दिरांना काय निमित्त सांगू?"