किचन सामायिक, किल्ली मालकाकडे

इंदूरहून मामाचा फोन आला की गाडी भंवरकुआं या कोचिंग क्लासेसच्या भागातल्या होस्टेलांवर येतेच. कॉलनीतल्या बंगल्यांच्या खोल्या पाडल्या, ड्रेनेज तुंबतं, फाटकासमोर बाइक लागतात. हे सगळं शहराबाहेर हलवा, असं त्याचं म्हणणं. मामेबहिणीचा सूर वेगळा. पीएससीचा नाद सोडून विजयनगरात नोकरी धरली, तरी एकट्या मुलीला फ्लॅट द्यायला सोसायट्या कां-कूं करतात. मग राहायचं कुठे?

दोघांचंही खरं आहे, पण मालकीबद्दल कुणीच बोलत नाही. तिच्या जुन्या खोलीला प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलंगावर बसूनच टेबलाशी अभ्यास. सामायिक फ्रिजमधल्या दह्याच्या डब्यावरसुद्धा नाव लिहायचं. रात्री दहाला फाटकाला कुलूप, आणि ते घरमालकाच्या मर्जीने.

मी झुरिकला राहतो. इथे काल्कब्राइटे नावाची सहकारी वसाहत 2014 साली चक्क ट्राम डेपोच्या डोक्यावर उभी राहिली. तिथल्या काही घरांत प्रत्येकाला खोली, न्हाणीघर आणि चहापुरता ओटा स्वतःचा. मोठं स्वयंपाकघर आणि बैठक सगळ्यांची. रहिवाशांनी स्वतःची मोटार ठेवायची नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी पार्किंगचे मजले खणावे लागले नाहीत. आपले आर्किटेक्ट नकाशा बघून खूश होतील, पण खरी करामत कागदपत्रांत आहे. जमीन महापालिकेची, संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच.

'संस्था' म्हटलं की मामा कपाळाला हात लावतो, आणि त्यात चूक नाही. इंदुरात गृहनिर्माण संस्थांत पैसे भरून प्लॉटसाठी वर्षानुवर्षं चपला झिजवलेली माणसं घरोघरी सापडतील. पण तो सारा खेळ प्लॉट विकण्याचा. विकायला प्लॉटच नसेल तर हात मारायला उरतं काय? इंदूर विकास प्राधिकरणाने टेंडर काढून चढ्या बोलीला जागा देण्याऐवजी मेट्रोजवळची एखादी नोकरदार तरुणांच्या संस्थेला ठरलेल्या भाड्याने देऊन बघावी.

झुरिकचंही सगळं गोड नाही. आत शिरायला शेअरची रक्कम तरुणांना जड जाते, आणि भांडी कोण घासणार यावर बैठका अशा रंगतात की गणपतीच्या वर्गणीची मीटिंग बरी.

आपल्याकडचा मोठा पेच मात्र अंड्याचा आणि कांदा-लसणाचा. तो झुरिकच्या नियमावलीत सुटायचा नाही. मजल्यागणिक वेगळं किचन ठेवावं आणि तिथे काय शिजेल ते त्या मजल्यावरच्यांनी ठरवावं. कॉलनीने नाही, आणि इथे बसून सल्ले देणाऱ्या मीही नाही.