बिस्किटाचा पुडा आणि ३ किलो तांदूळ

आज दुपारी लेकीच्या शाळेच्या पालक-ग्रुपवर बावीस फोटो आले. सेवा उपक्रम म्हणून पाचवीच्या मुलांना शहराबाहेरच्या एका जिल्हा परिषद शाळेत नेले होते आणि प्रत्येकाने तिथल्या एकेका मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला. एका फोटोत माझी मुलगी कॅमेऱ्याकडे पाहून हसते आहे आणि समोरची मुलगी पुडा धरून जमिनीकडे पाहते आहे. घरी आल्यावर लेकीने विचारले, "आई, ती मला थँक्यू का नाही म्हणाली?" तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागत नाही.

१९९७ साली मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात चौथीत होते. आईवडील दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यावर जात आणि मी आजीजवळ राहत असे. शाळेत तेव्हा खिचडी शिजत नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेतून, ज्याची हजेरी ८० टक्के भरेल त्याला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळत असे. एका महिन्यात शाळेचे २४ दिवस होते, माझे ४ खाडे आधीच झाले होते आणि मला ताप भरला. पाचवा खाडा म्हणजे तांदूळ गेला, हा हिशेब आजीला शाळा न शिकताही पाठ होता. तिने मला गोधडीत गुंडाळून शाळेत आणून बसवले. गुरुजींनी कपाळाला हात लावून पाहिला, हजेरी मांडली आणि मला टेबलामागे सतरंजीवर निजवले.

त्या वेळी कोणी माझ्यासमोर कॅमेरा धरला असता, तर मीही जमिनीकडेच पाहिले असते.

काही न देण्यापेक्षा बिस्किटे दिली हे बरे, एवढे मी मान्य करते. शिक्षकांचा हेतूही वाईट नसेल. पण आमच्या मुलांना त्या दिवसात भुकेबद्दल नेमके काय कळले? गरीब मुले कशी दिसतात आणि त्यांनी आभार मानायचे असतात, एवढेच ना? त्या बिस्किटातली साखर ज्या उसाची आहे तो ऊस कोण तोडतो, ती माणसे मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन सहा महिने घर का सोडतात, त्यांच्या मागे राहिलेली मुले कोणाच्या घासावर वाढतात, यातला एक शब्द तरी कोणी त्यांना सांगितला का? वर्षभर प्रकल्पांच्या नावाखाली थर्माकोल कापून घेणाऱ्या शाळांना एवढ्यासाठी एक तास सापडत नाही, याची मला चीड येते.

ज्या शाळेत ही मुले गेली, तिथे दुपारी शिजलेले जेवण मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी राज्यांना तसा आदेश दिला, म्हणून ते मिळते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनच्या यादीतल्या 'प्राधान्य' गटातल्या कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. मुलांना ते ५ किलो तराजूत मोजायला लावा आणि तिसाने भागायला सांगा. दिवसाला साधारण १६७ ग्रॅम येतात. ते वाटीत घेऊन पाहिले, की डाळ, तेल, भाजी कुठून आणायची हा प्रश्न मुले आपणहून विचारतील. मग त्यांना त्याच शाळेच्या पंगतीत बसवा, तेच जेवण जेवू द्या, आपापले ताट घासू द्या आणि सकाळपासून चुलीजवळ उभ्या असलेल्या ताईंसोबत पुढच्या दिवसाचे तांदूळ निवडू द्या.

हे काही मी नवीन सांगत नाही. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतली मुले स्वतः राबून शिकली आणि त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. ती मुले आपली आहेत असे त्यांनी धरले होते.

महिनाअखेरीस गुरुजींनी माझे नाव पुकारले, तांदूळ मोजला आणि मी नेलेल्या उशीच्या अभ्र्यात ओतला. त्यांनी वहीत सही घेतली आणि पुढचे नाव पुकारले. मी थँक्यू म्हणाले नाही. म्हणायचे असते असे मला वाटलेही नाही. घरी आजीने अभ्रा हातात तोलून पाहिला आणि त्या रात्री भात केला.

हे सगळे आज मी पहिल्यांदाच लेकीला सांगितले. आजवर का सांगितले नव्हते, याचे उत्तर मला देता येत नाही. कदाचित मलाही त्या फोटोतल्या मुलीसारखी मान खाली घालावी लागेल अशी भीती असेल. लेक बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "तुझा ताप कधी उतरला?"

सोमवारी सकाळी १० वाजता मी मुख्याध्यापकांना भेटून ग्रुपवरचे ते फोटो काढून टाकण्याची विनंती करणार आहे. ग्रुपमधल्या ज्या पालकांना हे पटते, त्यांनी सोबत यावे.